अपेक्षित उत्पन्न

२१ ऑगस्ट, सोमवार

नोकरी जाऊन पाच महिने झाले. या काळाची प्रामाणिक नोंद कुठेतरी असावी म्हणून आजपासून रोजनिशी. खोटं एक अक्षर लिहायचं नाही.

संकल्प: सहाला उठणे. रोज दोन अर्ज. ड्वेनला फोन करणे. (जुना सहकारी, आता दुसऱ्या विमा कंपनीत. पार्किंगमध्ये भेटला तेव्हा म्हणाला, सप्टेंबरातला लेबर डे होऊ दे, मग बघू. माझ्या मते हे जवळजवळ नेमणूकपत्रच.) बायकोशी, लोरीनशी, संयमाने बोलणे.

साडेआठला उठलो.

२४ ऑगस्ट

हेझलची शाळा सुरू. सातवी. शाळेतल्या फुकट जेवणाचा फॉर्म लोरीनने नाश्त्याच्या टेबलावर उभ्याउभ्या भरला. शाईने. आधी कच्चा मसुदासुद्धा नाही. माझ्या नावापुढे, उत्पन्नाच्या रकान्यात, तिने शून्य लिहिलं. मी म्हणालो, शून्य हा जरा टोकाचा आकडा वाटतो. ती म्हणाली, मग काय लिहू, संकल्प?

वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत ती दिवसभर चादरी धुते. तिथल्या वाफेने माणूस चिडचिडा होतो, हे लक्षात ठेवायला हवं. निघताना म्हणाली, ग्लेन, पोरीला दुपारी पोटभर गरम मिळालं तर रात्री मॅकरोनीवर भागतं. एवढा एक कागद नेऊन दे. बाकी काही मागत नाही.

कागदपत्रं हे माझंच क्षेत्र. नेऊन देतो म्हणालो.

२५ ऑगस्ट

शाळाखात्याच्या ऑफिसबाहेर बराच वेळ गाडीत बसून फॉर्म वाचला. प्रश्न साधा नाही. सही करणारा माणूस लिहून देतो की वरची माहिती खरी आहे. आता ड्वेनने शब्द दिला आहे. पुढच्या महिन्यात मी पगारावर असणार आणि इथे माझ्या नावापुढे शून्य. म्हणजे माझ्या घरातून एक खोटा कागद बाहेर पडणार, आणि एखाद्या खरोखर गरीब मुलाचा घास माझी मुलगी खाणार. हे मला जमणार नाही.

शून्यावर एक रेघ मारली. ड्वेनच्या कंपनीत जो पगार मिळेल तो लिहिला. शेजारी छोटी सही केली. दुरुस्ती अशीच करायची असते.

जेवण विभागाच्या मिसेस ऑगलट्री यांनी फॉर्म दोनदा पाहिला. म्हणाल्या, हा तुमचा आत्ताचा पगार आहे ना? आणि इथे कुणाचा वाटा कमी होत नाही बरं का, मर्यादेत बसतील तेवढ्या सगळ्या मुलांना मिळतं. मी म्हणालो, बाई, मी सतरा वर्षं नियमपालन विभागात काढली आहेत. त्या म्हणाल्या, बरं.

मन हलकं झालं. घरी येऊन झोपलो.

६ सप्टेंबर

फॉर्म नामंजूर. उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त.

खरं सांगायचं तर क्षणभर बरं वाटलं. मी जास्त कमावतो असं या वर्षात कुणी लेखी दिलं नव्हतं.

लोरीनला लगेच सांगितलं नाही. ड्वेनचं पत्र आलं की दोन्ही बातम्या एकदम सांगेन. एक वाईट, एक चांगली. हिशेब जुळेल. ही लपवाछपवी नव्हे. हा क्रमाचा प्रश्न आहे.

११ सप्टेंबर

लोरीनने विचारलं, जेवणाचं काय झालं? मी म्हणालो, उत्तर आलं. वाक्य पूर्णपणे खरं आहे. तिने जाताजाता माझ्या कपाळावर ओठ टेकवले. असं बऱ्याच महिन्यांनी.

ड्वेनला फोन केला. उचलला नाही. कामात असणार. चांगलं लक्षण.

१४ सप्टेंबर

हेझलच्या जेवणाच्या खात्यातले पैसे संपले. नियम वाचून ठेवला आहे; भाषा चांगली आहे, कुठे पळवाट नाही. खातं रिकामं असलं की गल्ल्यावरच्या यंत्रात लाल दिवा लागतो. मुलाचा गरम जेवणाचा ट्रे तिथेच काढून घ्यायचा, कचऱ्यात टाकायचा (एकाला वाढलेलं दुसऱ्याला देता येत नाही), आणि हातात द्यायचं चीजचं थंड सँडविच. वाढत्या वयाला चीज चांगलंच.

पण हेझल घरी येऊन सांगते, आज पिझ्झा होता. काल चिकन. हे कसं?

१९ सप्टेंबर

हेझलला आडून विचारलं. ती म्हणाली, मी नंबर दाबते, लाल लागतो, मग गल्ल्यावरची मिस व्हर्ना, ती साखळीच्या चष्म्याची, म्हणते, चल पुढे सोन्या, रांग अडवू नकोस. मी विचारलं, फक्त तुलाच? म्हणाली, छे, ज्याचा ज्याचा लाल लागतो त्या सगळ्यांना. ती सगळ्यांनाच सोन्या म्हणते, डॅड. व्यायामाच्या सरांनासुद्धा. आणि हसली. गाल जरा भरल्यासारखे वाटले.

मला दिवसभर चैन नाही. माझी मुलगी रोज जे खाते ते नियमाने तिचं नाही, आणि हे माहीत असलेला जबाबदार माणूस मी एकटाच.

२५ सप्टेंबर

स्वतःला कठोरपणे तपासलं. मी हे सूडाने करतोय का? नाही. मला त्यातून काही मिळणार आहे का? नाही, उलट आमचंच नुकसान. म्हणजे हेतू शुद्ध. शाळाखात्याला पत्र लिहिलं. नाव घेणं हलकटपणाचं, म्हणून घेतलं नाही. फक्त ‘सातवीची दुसरी रांग, साखळीचा चष्मा लावणाऱ्या बाई’ एवढंच लिहिलं.

पत्र टाकून येताना पाच मिनिटं पळालो. व्यायामाचा संकल्प सुरू झाला असं धरायला हरकत नाही.

२ ऑक्टोबर

उत्तर आलं. मला ‘दक्ष पालक’ म्हटलं आहे. दोनदा वाचलं. लोरीनने विचारलं, कुणाचं पत्र? म्हणालो, शाळेचं. ती म्हणाली, कौतुक केलंय का? मी म्हणालो, एका अर्थी.

६ ऑक्टोबर

हेझल आली ती सरळ खोलीत. बऱ्याच वेळाने बोलली. मिस व्हर्नाला काढलं. भर सकाळी एप्रन काढून घेतला आणि मागच्या दाराने घालवलं. गल्ल्यावर ऑफिसातला एक टाय लावलेला माणूस. हेझलचा ट्रे, मीटबॉल्स होते, त्याने सगळ्यांसमोर कचऱ्याच्या पिंपात उलटा केला. मागचा एक मुलगा म्हणाला, पिंप जेवलं, आता तू बस.

तिने मला विचारलं, डॅड, कुणी सांगितलं असेल रे?

मी म्हणालो, अशा गोष्टी आपोआप उघडकीस येतात.

ती म्हणाली, नाही, कुणीतरी सांगितलंच. असं करून त्या माणसाला काय मिळत असेल?

मी म्हणालो, समाधान, बहुधा.

लोरीनला कळेना. आपला फॉर्म पास झालाय ना, मग लाल कसा लागतो? मी म्हणालो, कॉम्प्युटरचा काहीतरी घोळ असतो. ती म्हणाली, उद्या पहिला फोन तिथे कर.

संकल्प: फोन करणे.

१३ ऑक्टोबर

फोन केला नाही. कारण आहे. फोन म्हणजे नवा फॉर्म, नवा फॉर्म म्हणजे शून्य. म्हणजे आधीचा आकडा खोटा होता असं होतं. एकाच माणसाच्या सहीने इतक्या लवकर दोन आकडे! मी नोकरीत असतो तर अशा माणसाची फाईल मीच बाजूला काढली असती. लोरीनला म्हणालो, प्रकरण विचाराधीन आहे.

सुपरमार्केटमध्ये गोठवलेल्या भाज्यांच्या कपाटामागे ड्वेन दिसला. मी हाक मारेपर्यंत दोन ओळी पुढे गेला होता, गाठला. त्याचा विभाग ऑगस्टमध्येच बंद पडला. आता मेहुण्याच्या दुकानात टायर विकतो. मी त्याला शब्दाची आठवण करून दिली. तो म्हणाला, अरे बाबा, बघू म्हणजे नाही. हे शाळकरी पोरालासुद्धा कळतं. आणि मला टायर हवेत का म्हणून विचारलं.

लोक जपून बोलत नाहीत, हे खरं दुखणं.

२० ऑक्टोबर

हेझल आता जेवणाच्या सुट्टीत रांगेत जातच नाही. लायब्ररीत बसते. म्हणते, दुपारी भूक नसते. वाचनाची गोडी लागली, हे या सगळ्यातून निघालेलं चांगलं. बारीक दिसते, पण उंची वाढते आहे.

लोरीन तिच्यासाठी वृद्धाश्रमातून रुमालात बिस्किटं बांधून आणते. म्हाताऱ्यांच्या ट्रेमध्ये उरलेली. मी म्हणालो, काटेकोर पाहिलं तर ती म्हाताऱ्यांची आहेत. तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, ग्लेन, तू मेलास की देव स्वर्गाची दारं लावून घेईल. हा आला, आता सगळे हिशेब दाखवा म्हणेल.

तिची विनोदबुद्धी शाबूत आहे.

३० ऑक्टोबर

मिसेस ऑगलट्रींचा फोन! माझं पत्र त्यांच्या लक्षात होतं. गल्ल्यावर नियमाने चालणारा माणूस हवा आहे, टायवाल्याला ऑफिसात परत जायचं आहे. रोज तीन तास. मी होकार दिला. पद: आर्थिक नियंत्रण, दुसरी रांग. (त्यांनी वेगळा शब्द वापरला.)

स्वयंपाकघरातल्या माणसांना काम संपल्यावर जेवण फुकट. शिवाय त्या म्हणाल्या, मुलीचा नवा फॉर्म आजच आणा, मी उभ्याउभ्या मंजूर करते, आमच्यातले अर्धेअधिक लोक भरतातच. मी नम्रपणे सांगितलं, पहिल्या पगाराची पावती हातात आल्यावर भरेन. या वेळी अंदाजाने काही लिहायचं नाही. माणसाने चुकांतून शिकावं. त्या पुन्हा म्हणाल्या, बरं.

लोरीनने विचारलं, म्हणजे त्या व्हर्नाची जागा? मी म्हणालो, जागा रिकामी होती. ती म्हणाली, असू दे. तू तिथे असलास म्हणजे पोरीच्या पोटात काय जातं ते तरी दिसेल.

६ नोव्हेंबर

पहिला दिवस. सहाला उठलो.

एप्रनच्या खिशात पेपरमिंटच्या गोळ्या सापडल्या, आधीच्या बाईंच्या. ऑफिसात जमा केल्या.

काम फार अवघड नाही. लाल लागला की शांतपणे बोलायचं, चढा आवाज नको. एक छोटा मुलगा रडला. घरी काही झालं असेल. हेझल दिसली नाही. लायब्ररी.

१५ नोव्हेंबर

उद्या शाळेत थँक्सगिव्हिंगचं जेवण. टर्की, बटाट्याचं भरीत, ग्रेव्ही, क्रॅनबेरी. या दिवशी आईबापांनी मुलांबरोबर जेवायची पद्धत आहे. लोरीनने आपलं तिकीट आधीच काढून ठेवलं, तासाभराची सुट्टीही मागून घेतली. हेझल म्हणाली, मी येत नाही. लोरीन म्हणाली, अगं, मी आहे, आणि गल्ल्यावर तुझा बाप आहे. कोण अडवतंय बघू. हेझल हसली. मीही हसलो.

पगाराची पावती परवा मिळते. लाल दिव्याच्या नियमाचं दोघींना आजच सांगावं असं ठरवलं होतं. पण त्या टेबलाशी बसून कागदाची टर्की कापत होत्या. खूष होत्या. असा क्षण मोडणं क्रूरपणाचं.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

दोघी माझ्याच रांगेत आल्या. लोरीन लाँड्रीच्या गणवेशात, केसांत कागदाचं पीस. हेझलने नंबर दाबला. लाल.

कबूल करतो, हात थांबला. मागे सगळी रांग. मग व्हर्नाबाई आठवल्या. त्यांची चूक नेमकी इथेच झाली होती. मी माझ्या मुलीसाठी नियम वाकवला तर त्यांना उगाच काढलं असं होईल. त्यांच्यावर तो अन्याय.

मी हेझलला हळू आवाजात सांगितलं, ट्रे ठेव.

लोरीनला आधी गंमत वाटली. मग तिने पाच डॉलरची नोट पुढे केली. मी समजावलं, येणारा पैसा आधी मागच्या बाकीत जातो. नोट घेतली, पावती दिली. दिवा लालच राहिला. तिने विचारलं, त्या फॉर्मवर तुझ्या नावापुढे काय लिहिलं होतंस? मी आकडा सांगितला. ती म्हणाली, आणि व्हर्ना? मी म्हणालो, मी नाव घेतलं नव्हतं.

मागून तोच मुलगा म्हणाला, हेझल, तुझा बापच आहे ना हा?

ट्रे हेझलने स्वतःच पिंपात रिकामा केला, कडा आपटून, नीट. मी सँडविच पुढे धरलं. ती म्हणाली, थँक यू, सर. घेतलं मात्र नाही. लोरीनने तिचा हात धरला आणि दोघी मागच्या दाराने गेल्या.

लोरीनचा ट्रे तसाच राहिला. पैसे भरलेला, न उष्टावलेला. टाकणं चूक, दुसऱ्याला देणंही चूक. पण कर्मचारी म्हणून माझा एक ट्रे निघतोच. मिसेस ऑगलट्रींना रीतसर विचारलं. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, खा.

टर्की मऊ होती. ग्रेव्हीत मीठ जरा जास्त, कळवायला हवं.

घरी गाडी नाही. लोरीनच्या कपाटातली बॅग नाही, हेझलची उशी नाही. लोरीनच्या बहिणीकडे गेल्या असाव्यात. फोन वाजतो, उचलत नाहीत. कामात असतील.

नवा फॉर्म सोबत आणला होता, तो भरायला घेतला. पहिलाच प्रश्न: घरात एकूण माणसं किती. हा रकाना तूर्त रिकामा ठेवला आहे. या वेळी अंदाजाने काही लिहायचं नाही.