अर्धा भरलेला गोळा

आई,

मी नक्की काय काम करते हे तुला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि मीही कधी धड बसून सांगितलं नाही. शेजारणींना तू सांगायचीस, "आमची कॉम्प्युटरवर असते," जसं कुणाचं कोण दुबईला असतं. तू गेल्याला वीस वर्षं होत आली, तर आता सांगते. ऑफिसचं काम पोटासाठी. त्याशिवाय मी एक मोफत सॉफ्टवेअर सांभाळते. लहान वाचनालयांना पुस्तकांच्या नोंदी ठेवायला ते लागतं. त्याला मालक नाही. कुणीही आत डोकावून बघावं, जमेल ते दुरुस्त करावं. करणारी माणसं सगळ्या जगात पसरलेली. इथे चिखलोलीला मी सकाळचा चहा टाकते तेव्हा त्यातली निम्मी झोपलेली असतात, आणि कुणीच कुणाला प्रत्यक्ष भेटलेलं नाही. तू म्हणशील, अगं मग काम चालतं कसं? एका यादीवर चालतं. ती सगळ्यांना दिसते. काय बिघडलंय ते तिथे लिहायचं, ज्यानं काम हातात घेतलं त्यानं नाव टाकायचं, अडलं तर अडलं म्हणून लिहायचं, झालं की बंद करायचं. कुणी मला एकटीलाच गुपचूप मेल करून विचारलं, की मी त्याला सांगते, बाबा रे, यादीवर विचार, उत्तर सगळ्यांना मिळू दे. पहिल्यांदा ती यादी बघितली तेव्हा मी एकटीच हसत सुटले. हे तर आपलं स्वयंपाकघराचं दार!

उल्हासनगरच्या त्या खोलीत स्वयंपाकघर ते काय, ओट्याला लागून तुझी शिलाई मशीन आणि भिंतीला जीन्सच्या कापलेल्या तुकड्यांचे गठ्ठे. भाजीला फोडणी दिली की कापडालाही वास. चार बायका कामाला, पण चौघी एका वेळी कधीच नाहीत. एकीचं पाणी भरून झालं की ती यायची, एक नवऱ्याला डबा देऊन दुपारी, आणि शहाडच्या मावशी भल्या सकाळी, सगळ्यांच्या आधी. मावशी चेन बसवायच्या. तसा हात मी पुन्हा बघितला नाही. मग निरोप ठेवायचा कुठे? दाराच्या मागे, खडूने. कुठला गठ्ठा कुणाकडे, कुठे खिसे राहिले, कुठे पट्ट्याचे लूप कमी पडले. मावशींना लिहिता येत नव्हतं, त्या खुणा काढायच्या. फुली म्हणजे चेन संपली, दोन रेघा म्हणजे काम झालं. एकदा शेजारची म्हणाली, चुकांचं काय प्रदर्शन मांडलंय दारावर, झाकली मूठ सव्वा लाखाची. तू सुईत दोरा ओवता ओवता म्हणालीस, "मूठ घरच्या भांडणात झाका. कामात झाकलीत तर पुढचीचा हात कापेल." चुकलं म्हणून तू कुणावर ओरडल्याचं मला आठवत नाही. चुकून गप्प बसली तर मात्र तिची धडगत नव्हती.

मला त्या दाराची लाज वाटायची. कॉलेजच्या दोन मैत्रिणी रविवारी घरी येणार होत्या आणि तू माल आणायला गेली होतीस. मी ओलं फडकं घेतलं आणि दार लख्ख पुसून टाकलं. मैत्रिणी आल्या, पोहे खाऊन गेल्या, दाराकडे ढुंकूनही बघितलं नाही त्यांनी. त्या गेल्यावर लक्षात आलं, उद्या बायका आल्या की दारावर वाचणार काय? खडू शोधला आणि आठवेल ते सगळं पुन्हा लिहून काढलं, प्रत्येकीच्या अक्षराची नक्कल करून. हुशारच ना मी! पण एक खूण होती, चौथ्या गठ्ठ्यासमोर काढलेला एक गोळा, अर्धा खडूने भरलेला, अर्धा मोकळा. त्याचा अर्थ मला लागला नाही. मला वाटलं, मावशींनी उगाच गिरगटलं असेल. तेवढा सोडला.

त्या गठ्ठ्यातलं कापड दोन रंगांचं होतं. एक पाय गडद निळा, दुसरा फिका. सकाळच्या अंधुक उजेडातही ते मावशींच्या नजरेला आलं होतं आणि त्यांनी तो गोळा काढून सांगून ठेवलं होतं. बाकीच्यांनी दारावर काही नाही म्हणून पाय जोडून टाकले, माल गेला आणि तसाच परत आला. शिवायला माल देणारा सेठ वाईट माणूस नव्हता, पण त्या दिवशी पँट हातात धरून तो उंबऱ्यातच ओरडत होता. मावशी म्हणाल्या, "म्या दारावर काढलं व्हतं." त्यावर तो हसला. "लिखना आता नहीं, और बोलती है दरवाज़े पे लिखा था!" बायकाही हसल्या गं. मावशी दाराजवळ गेल्या, चौथ्या गठ्ठ्याच्या ओळीवरून बोट फिरवलं, आणि मग स्वतःच गोंधळून गेल्या. तू मला विचारलंस, "दाराला हात लावलावतास का?" मी म्हटलं, "नाही." तू एवढंच म्हणालीस, "बरं." दुसऱ्या सकाळपासून मावशी आल्या नाहीत. तू दोनदा बोलावणं धाडलंस. त्यांनी सांगितलं, जिथं माझी खूण कुणाला दिसत नाही तिथं मी कशाला येऊ.

आज हे का उकरून काढलं, तर मी पुन्हा तेच केलं. आमची यादी फार वाढली होती. वर्षानुवर्षं पडून असलेल्या तक्रारी बघून नवी माणसं बिचकतात, असं एकजण म्हणाला, आणि मला ते पटलं. सहा महिने कुणी हात लावला नसेल ती तक्रार आपोआप बंद व्हावी, असा नियम मी लावला. एका दिवसात यादी स्वच्छ. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. मागच्या आठवड्यात कुठल्या तरी दूरच्या गावातल्या एका म्हाताऱ्या ग्रंथपालाने लिहिलं, की नोंद करताना वीज गेली आणि त्यांच्या वाचनालयाच्या आधीच्या नोंदीही पुसल्या गेल्या. खाली आणखी एक ओळ होती. "हे मी पूर्वी सांगितलं होतं." शोधलं, तर खरंच. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, व्याकरणाचा पत्ता नाही, सोबत हाताने काढलेल्या चित्राचा फोटो. मला तेव्हा अर्थ लागला नव्हता म्हणून मी उत्तर दिलं नाही, आणि नंतर माझ्याच नियमाने ती बंद झाली. आमच्यातल्या एकाने त्यांना तिथेच सुनावलं होतं, नीट लिहिता येत नसेल तर कसं कळणार? ते मी दोनदा वाचलं, आई. तो उंबरा, तो सेठ, सगळं डोळ्यांपुढे आलं.

मी यादीवरच लिहिलं, सगळ्यांसमोर. यांनी वेळेवर सांगितलं होतं, मला कळलं नाही, आणि जे कळलं नाही ते विचारायचं सोडून मी पुसून टाकलं, चूक माझी. तो नियमही काढून टाकला. दुसऱ्या दिवशी ग्रंथपालांचं उत्तर आलं, "चला, आता दुरुस्त करू." सोबत नवीन चित्र. आता आम्ही दोघं त्यावर काम करत बसलोय.

परक्या माणसाची माफी मागायला मला दहा मिनिटं लागली. तुझ्या शेवटच्या आजारपणात तू विचारलंस, "ती शहाडची दिसते का गं कुठे?" मी तेव्हाही नाही म्हटलं. खरं तर त्याच आठवड्यात त्या मला बाजारात दिसल्या होत्या आणि मी गल्ली बदलली होती. त्या अजून शहाडलाच राहतात, नातवाकडे. घर मला ठाऊक आहे. हे सगळं मी तुला लिहिलं, कारण तू काही वाचणार नाहीस. मावशींना लिहून चालणार नाही, त्यांना वाचताच येत नाही. त्यांच्यापुढे बसून तोंडानंच सांगावं लागेल, आणि मला अजून भीती वाटते.