टेसाच्या लंगोटाचं अस्तर

हेरन कोव्ह, न्यूफाउंडलंड
शनिवार (तारीख कॅलेंडरवर आहे, पण कॅलेंडरच्या खिळ्याला लंगोट वाळत घातलाय)

प्रिय मेल्विनाताई,

धाकट्या भावाचा नमस्कार. उभ्यानेच करतोय, कारण हल्ली गुडघे टेकले की उठवायला माणूस लागतं. चर्चमध्येसुद्धा मी बसूनच पापं कबूल करतो आणि देवाने अजून हरकत घेतलेली नाही. तुझी कंबर कशी आहे? ऑस्टिनभावोजींचा कान? (ज्याने त्यांना ऐकू येत नाही तो नव्हे, ज्याने ते तुझं ऐकत नाहीत तो.) तिकडे हॅमिल्टनला उन्हाळा लागला असेल. इथे अकरा दिवस धुकं आहे. बाकी मी ठीक, घर ठीक, छपराची गळती होती तिथेच, आणि माळ्यावरची तुझी निळी पेटी सुखरूप. पेटीचं मधेच का लिहिलं कोण जाणे. पेन चालू होतं, लिहिलं गेलं.

तर मुख्य बातमी अशी की या वयात मी दाई झालोय. ग्लेनिस बाळंतपणाची रजा संपवून बँकेत परत रुजू झाली. जावईबापू तीन आठवडे अल्बर्टात तेलाच्या कामावर आणि एक आठवडा घरी (त्या आठवड्यात ते झोपतात; जागे असतात तेव्हा जेवतात). म्हणून सोमवार ते गुरुवार, सकाळी आठ ते पाच, पाच महिन्यांची टेसा माझ्या स्वयंपाकघरात असते. रूबी असती तर मला हातही लावू दिला नसता. पण ती जाऊन तीन वर्षं झाली, आणि तू आठशे कोसांवर, तेव्हा नातीच्या नशिबी आजोबाच आला.

पोर गुणी आहे. आवाज आपल्या बाबांसारखा, या धक्क्यावरून त्या धक्क्यावर जाणारा. पण कातडी म्हणजे दुधावरची साय. जरा काही लागलं की चट्टा. दुकानातले फेकायचे लंगोट तिला सोसेनात, ढुंगण लालेलाल. डॉक्टरने सांगितलं, कापडाचे लंगोट वापरा आणि त्यांच्या आत, अंगाशी लागेल असं मऊ अस्तर घाला. (तू चाळीस वर्षं नर्स होतीस, तुला मी काय शिकवणार. पण मला हे सगळं ऐकून घ्यावं लागलं, मग तूही ऐक.) ग्लेनिसने पाच तऱ्हांची अस्तरं मागवली आणि खोकं माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "बाबा, तुम्ही दिवसभर तिच्यापाशी असता. एकेक लावून बघा आणि तिला मानवेल ते निवडा."

ताई, त्या क्षणी माझी छाती जी फुगली म्हणतेस! कापडाची परीक्षा करायला सांगत होती, तीही मला. बेचाळीस वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाला कापडातलं काय ते कळतंच. कसोटी एकच: वरून पाणी ओता. थेंब वर उभे राहिले तर कापड सोन्याचं, आत मुरले तर लादी पुसायला घ्या. मी पाचही अस्तरं टेबलावर मांडली आणि प्रत्येकावर चमचाभर गार चहा ओतला. सुताने पिऊन टाकला. बांबूच्या कापडाने (हो, बांबू! गवतातून कापड काढतात आता) पिऊन टाकला. रेशमाने प्यायला, चौथ्याचं नाव मला वाचता येईना, त्यानेही प्यायला. पाचवं मात्र लोकरीसारखं दिसणारं, एका बाजूने गुळगुळीत. त्याच्यावर चहा मण्यांसारखा उभा! मी आनंदाने टेबलावर मूठ आपटली. शेजारची बर्था पार्डी तेवढ्यात दार न वाजवता आत आली (इथे दार वाजवलं की लोक समजतात सरकारी माणूस आला). तिने टेबल बघितलं, मला बघितलं, आणि जन्मात पहिल्यांदा काही न बोलता निघून गेली. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. उलट मी त्या अस्तराला कपडे मऊ करायच्या सुगंधी पाण्यात दुप्पट बुडवून काढलं. आता तर त्याच्यावर थेंब नाचायलाच लागले.

त्या बुधवारी चर्चच्या हॉलमध्ये मटाराच्या सूपचं जेवण होतं. पोरीला नवा लंगोट, नवं अस्तर घालून मी मिरवत नेली. टोरोंटोहून आलेल्या नव्या पाद्रीणबाईंनी तिला हौसेने मांडीवर घेतली, आणि टेसाने तिच्या वयाला शोभेल ते केलं. आता ते पाणी खालच्या लंगोटात मुरायला हवं की नको? पण अस्तर ते मुरू देईल तर ना! सगळं वरच्या वर घसरत मांडीच्या कडेने बाहेर, बाईंच्या मांडीवर, तिथून थेट बुटात. लंगोट तपासला तर कोरडा ठणठणीत. पाद्रीणबाई भली माणूस, म्हणाल्या, "अहो, बाप्तिस्मा मी द्यायचा असतो. हिने मलाच देऊन टाकला." आणि मग बर्थाचं तोंड उघडलं ते काय विचारतेस. "अरे मेल्या सेल्बी, तू तिला मेणकापड घातलंस! होडीवर घालतात ते! बाळाचा पाऊस आतून पडतो रे, बाहेरून नाही!" मी विचारलं, मग त्या दिवशी टेबलापाशी का नाही बोललीस? तर म्हणे, "मला वाटलं तू होडीचं छप्पर शिवतोयस."

हसलीस ना? हस. मीही हसलो, संध्याकाळपर्यंत. संध्याकाळी ग्लेनिसने पोरीला उघडी केली, तर दिवसभर ओल्यात बसून जे लाल होतं ते सोललं होतं. टेसा रडत होती आणि तिचं रडणं नेहमीचं नव्हतं, बारीक होतं. ग्लेनिसने मलमाची डबी घेतली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मलम लावता लावता हळूच म्हणाली की शहरात तिच्या सासूबाईंकडे एक खोली रिकामी आहे, जवळ चांगलं पाळणाघर आहे, बँकही तिथून जवळ. "आठवडाभर बघू, बाबा. पुढच्या शुक्रवारपर्यंत बरं झालं नाही तर जाऊ आम्ही तिकडे. तुम्हाला तरी किती त्रास द्यायचा?"

मी म्हटलं, उत्तम! बर्थालाही सांगितलं की सुटलो बाबा, आता निवांत मासे धरीन. पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू. दुपारी रेडिओवर सागरी हवामान लागतं. नैर्ऋत्येचा वारा, पंधरा नॉट, धुक्याची पट्टी. ते ऐकल्याशिवाय ही पोर झोपत नाही, आणि माझ्या छातीवर सोडून दुसरीकडे झोपत नाही. तिचं नाक माझ्या गळपट्टीत असतं. वारा कुठला आहे ते मला आठवड्याभरात एकदाही कळलेलं नाही, कारण मी तिचा श्वास ऐकत असतो. ती गेली तर मी त्या खुर्चीत बसून काय करू, ताई? मला ती जायला नको होती. झालं, लिहून टाकलं.

तर मग मी कंबर कसली. बांबू लावला, तो गोळा होऊन एका कोपऱ्यात जाऊन बसायचा. रेशीम बरं होतं, पण मी ते उकळत्या पाण्यात धुतलं आणि त्याचं पोस्टाचं तिकीट झालं. नवं सूत सुक्या खाऱ्या माशासारखं कडक. चौथ्याचं नावही काढू नकोस. शेवटी मान खाली घालून बर्थाच्या दारात गेलो. बाई नरमली नाही, पण चहा दिला, टोमणे दिले आणि अक्कलही दिली: जुनं फ्लॅनेल. धुऊन धुऊन जीव गेलेलं, अंगावर आहे की नाही कळू नये असं. वास नाही, रंग नाही, ओलं झालं की लगेच बदलायचं. "पण तसलं फ्लॅनेल आता कुणाच्या घरात आहे?" असं म्हणून तीच माझ्या कपात आणखी चहा ओतू लागली. रूबीचे सगळे फ्लॅनेलचे झगे मी ती गेली त्याच आठवड्यात चर्चच्या विक्रीला देऊन टाकले होते. खुंटीवर बघवत नव्हते. तेव्हा वाटलं, मोठा शहाणपणा केला.

असो. फ्लॅनेल मिळालं. कुठे मिळालं हे पाल्हाळ कशाला, घर जुनं आहे, सापडतं काहीबाही. साध्या साबणाने धुतलं, चुलीवरच्या दोरीवर वाळवलं, आणि दर तासाला पोरीला तपासत बसलो. मंगळवारी सोललेलं सुकलं. गुरुवारी गुलाबी झालं. काल शुक्रवारी ग्लेनिसने उजेडात नेऊन वर-खाली बघितलं, ते अस्तर बोटांत चोळून बघितलं, आणि विचारलं, "हे कुठून आणलंत, बाबा?" मी म्हटलं, घरातलंच. तिने शहरात सासूबाईंना फोन करून खोलीला नाही म्हणून कळवलं. मी मागच्या दारी जाऊन विनाकारण लाकडं फोडली.

बर्था दंडवत कळवते (तिने "बाईला सांग, भाऊ अजून शहाणा झालेला नाही" असं सांगितलंय, त्याचा अर्थ तोच). भावोजींना नमस्कार. कंबरेला शेक देत जा.

तुझा,
सेल्बी

ता. क. टेसाचा बाप्तिस्मा जुलैच्या तिसऱ्या रविवारी आहे. पाद्रीणबाई म्हणाल्या, त्या दिवशी त्या रबरी बूट घालून येतील.

ता. क. २. सहा पानं लिहिली, आणि लिहायचं होतं ते राहिलंच. फ्लॅनेल तुझ्या निळ्या पेटीतलं आहे. आईच्या जुन्या चादरींचे तू कापून, धुऊन, लाल दोऱ्याने कडा शिवलेले चौकोन, छत्तीस आहेत. बारा मी घेतले, न विचारता. बाकीचे चोवीस, अंगडी आणि ते टोपडं मी हातात घेतलं आणि जसं होतं तसं ठेवलं. एक्कावन्न वर्षांपूर्वी तू हॉस्पिटलातून बाळाशिवाय, रिकाम्या हातांनी आलीस तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. आई म्हणाली, ही पेटी माळ्यावर ठेव आणि याबद्दल कुणी बोलायचं नाही. मी आईचं जन्मात काही ऐकलं नाही, नेमकं तेवढंच ऐकलं. चूक झाली, ताई. तेव्हाच तुझ्यापाशी येऊन बसायला हवं होतं. मनाला लागलं असेल तर मला खडसावून लिही, मी बाराही धुऊन, घडी घालून जागच्या जागी ठेवीन.

ता. क. ३. लिहिता लिहिता धुकं उठलं. बाराही अस्तरं बाहेर दोरीवर घातली. इथे दोरीवरचे कपडे सगळं गाव वाचतं हे तुला माहीतच आहे. बर्था कुंपणापाशी थांबली. लाल दोरा तिने ओळखला. त्या हिवाळ्यात तुझ्याशेजारी बसून सुईत दोरा तीच ओवून द्यायची ना? तिने एक चिमटा निसटत होता तो नीट लावला आणि डोळे पुसत घरी गेली. मग मला वाटलं, तिला माहीत असेल, आईला माहीत होतं, मलाच कधी विचारायची हिंमत झाली नाही. तू तुझ्या त्या पोरीचं नाव काय ठेवणार होतीस? टेसाचं दुसरं नाव अजून ठरलेलं नाही. ग्लेनिसला मी काल रात्री सगळं सांगितलं. ती म्हणते, आत्या देईल तर तेच ठेवू. द्यायचं नसेल तर देऊ नकोस, पण मला एकट्याला तरी कळव.