छत्रीचा परवाना

डिचोली, बुधवार, तिन्हीसांज

आज पोस्टात माझं चुकलं की काय, तेच कळत नाही.

मये गावची सुलभा अर्ज घेऊन आली. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकते. खाणीत फिटर असलेल्या वडलांबरोबर तिने उपग्रहावरून येणारे कार्यक्रम टीव्हीवर पकडायला जाळीची मोठी छत्री बांधलीय. परवा तपासनीस आला, परवाना दाखवा नाहीतर छत्री उतरवा म्हणाला. पूर्वी रेडिओचे परवाने मीच द्यायचो, म्हणून ती माझ्याकडे आली. पण ते तर बंद झाले! हा अर्जही त्याच जुन्या बिनतारी कायद्याचा. त्यात एक रकाना, प्रक्षेपण केंद्राचा पत्ता.

"काका, हांगा कितें बरोवं?"

"खरं तेच लिही."

तिने लिहिलं, आकाश.

मला हसू आलं, मग घाबरलो. पत्त्याच्या रकान्यात आकाश पाहून अर्ज परत येणार. खोटा पत्ता लिहिला तर गुन्हा. गोवा राज्य झालं, राजभाषेचंही ठरलं, पण आभाळाचे नियम बदलायचे कोणी? पणजीने की दिल्लीने? शेवटी शिक्का मारून पोच दिली. मला तो अधिकार आहे? बहुतेक नाही.

राहवेना, म्हणून काम संपल्यावर मयेला गेलो. छत्री उतरवलेली होती.

वडील म्हणाले, "तिणें पोच दाखयली. पूण केस जावन म्हजी खाणींतली नोकरी गेल्यार?"

सुलभा जाळी गुंडाळत होती.

आता माझ्या शिक्क्याची चौकशी होणार नाही म्हणून मला आधी हायसं वाटलं. आता त्याचीच लाज वाटतेय.