पडद्यामागची ताजागुल

७ ऑक्टोबर, सोमवार

खांदा गेला! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अकॉर्डियन बंद. "किती दिवस?" "बंद म्हणजे बंद, बुरुल." बालवाडीतल्या पोरांना मी इतकी वर्षं गाणी शिकवली ती त्या पेटीवर. आता काय टाळ्या वाजवून शिकवू? मुख्याध्यापिका म्हणतात, मोबाइलवर लाव गाणी. तेवढं तर कुणीही लावेल — हे त्या बोलल्या नाहीत, पण मला ऐकू आलं.

घरी मेदेरला पित्त, नुराइमला टॉन्सिल, अपांचे गुडघे. नवरा, लेक, सासू — एक जण धड नाही. घर म्हणायचं की दवाखाना! आणि बाहेर हा वारा. बालिक्चीत राहून वाऱ्याला शिव्या देणं म्हणजे माशाने पाण्याला शिव्या देणं. तरी देते.

१० ऑक्टोबर

बिश्केकच्या मावसभावाने त्याचा जुना कॅमेरा पाठवला. "पडून आहे, तू वापर. खांद्याला पेटीएवढा भार नाही." खरंच नाही. दुखतो तो डावा खांदा, पट्टा उजव्या खांद्यावर घेते.

पहिला फोटो अपांचा काढायला गेले. चुलीपुढे बसल्या होत्या, प्रकाश छान होता. हातातला झारा उगारला माझ्यावर! "माझा फोटो कशाला? मेले का मी?" आमच्याकडे म्हाताऱ्यांचा फोटो काढायचा तो थडग्याच्या दगडासाठी. मी म्हटलं, बरं बाई.

मग खिडकी काढली, टॉवेल काढला, मेदेर घोरताना काढला.

१७ ऑक्टोबर

स्वयंपाकघराच्या भिंतीवर पांढरी चादर टांगली. पासपोर्टचे फोटो! गल्लीतले लोक यायला लागलेत. रशियाला जाणारे सगळे. एकही हसत नाही. हसू नका असं सांगावंच लागत नाही.

अपा स्टुलावर बसून सगळ्यांना निरखतात. "ह्याचा कान वाकडा आहे, सूनबाई, सरळ करून दे."

२१ ऑक्टोबर

घरात गाणी आहेत, पण जो तो आपापली ऐकतो. मेदेर रेडिओवर कोमुझच्या तारांची जुनी गाणी लावतो, डोळे मिटून, पोटावर गरम पाण्याची पिशवी. नुराइमच्या कानांत सदा ती इअरफोनची बोंडं — हाक मारली तर ओठ वाचून उत्तर देते. माझी बोटं आपोआप टेबलावर वाजत राहतात. अपा म्हणाल्या, "टेबल काय बडवतेस? त्याने काय घोडं मारलंय तुझं?"

अपा स्वतः कधी काही ऐकत नाहीत. गुणगुणतसुद्धा नाहीत. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ऐकलेलं नाही. आज पहिल्यांदा लक्षात आलं.

२६ ऑक्टोबर, शनिवार

पहिलं लग्न मिळालं! डोंगराकडच्या गावातून बाईचा फोन — नवऱ्या मुलाची आत्या. "उद्याच या." एवढी घाई कसली, ते मी विचारलं नाही.

२७ ऑक्टोबर

आता संध्याकाळ. हात धुतले, चहा प्यायले, तरी बसवत नाही. लिहून टाकते.

अंगणात मोठे भोंगे लावलेले. मेंढी कापलेली, कढईत कणकेचे बोर्सोक तळत होते, पोरं गरम गरम पळवत होती. सगळं नेहमीचं. आत कोपऱ्यात पडदा बांधलेला आणि पडद्यामागे नवरी. डोक्याला पांढरा रुमाल — तो बांधला की लग्न मान्य. सुजलेले डोळे. बाया अवतीभवती — खा गं, रडू नकोस गं, आम्ही पण रडलो होतो गं. तिचा आवाज जरा वाढला की कुणीतरी बाहेर ओरडायचं, "गाणं मोठं करा!" आणि भोंगे मोठे व्हायचे. मी जन्मभर पोरांना गाणी शिकवली. गाणं कशासाठी लावतात ते आज पाहिलं.

मी म्हटलं, इथे अंधार आहे, नवरीचा एकटीचा फोटो काढायचाय, जरा बाहेर व्हा. झाल्या बिचाऱ्या. फोटोवालीचं ऐकतात लोक.

कॅमेरा डोळ्याला लावला तशी ती कुजबुजली, "ताई, मी ह्याला दोनदाच भेटलेय. गाडीत घालून आणलं मला. फोन काढून घेतला. माझ्या आईला सांगा — कोचकोरच्या बाजारात लोकरीच्या नमद्याच्या सपाता विकते. मी ताजागुल."

मी काय केलं? बटण दाबलं. भीतीने दाबलं गेलं. तेवढ्यात आत्याबाई आत आल्या.

२८ ऑक्टोबर

मेदेरला सांगितलं. तो पोट चोळत राहिला. "तू फोटो काढायला गेली होतीस, निवाडा करायला नाही."

"कायदा आहे, मेदेर."

"कायदा बिश्केकमध्ये आहे. त्या गावात त्यांचे काका-मामा आहेत."

अपा कणीक मळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "रडून सुरू झालेला संसार टिकतो. सगळ्या रडतात. रडून झालं की भाकरी थापतात."

नुराइमने कानांतली बोंडं काढली होती. आमच्याकडे बघत होती. पंधरा वर्षांची आहे.

२९ ऑक्टोबर

चौकीत फोन केला. पलीकडच्याने विचारलं, "तुम्ही तिच्या कोण?" आणि लगेच म्हणाला, "मुलीने स्वतः येऊन तक्रार द्यायला हवी." फोन नसलेल्या, पडद्यामागे बसवलेल्या मुलीने!

खांदा ठणकतोय. मलम लावलं. आता घरभर कापराचा वास.

३ नोव्हेंबर, रविवार

मेदेरला न सांगता मिनीबसने कोचकोरला गेले. बाजारात सपातावाली लगेच सापडली. माझ्याच वयाची, हात लोकर पिंजून खरखरीत झालेले. मी ताजागुलचं नाव घेतलं तर ती हातातली सपात उलटसुलट करत राहिली.

तिला माहीत होतं. मुलाकडचे येऊन गेले होते, माफी मागायला, मेंढी घेऊन. बापाने माफी घेतली. "एक रात्र राहिली तिथे," म्हणाला, "आता परत आणून काय करू? कोण करेल तिला?"

मी कॅमेऱ्यातला फोटो दाखवला. तिने फोटोवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "जाते मी. ह्यांना सांगत नाही."

मी तिच्यासोबत जायला हवं होतं. "येऊ का?" म्हटलंही. ती नको म्हणाली आणि मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवते.

६ नोव्हेंबर

सपातावालीचा फोन.

"गेले होते. आत घेतलं, चहा दिला. मी पोरीला म्हटलं, ऊठ. ती उठलीसुद्धा, ताई! रुमाल काढून फेकला. आम्ही दारापर्यंत आलो, तर त्या घरातली म्हातारी उंबऱ्यात आडवी झाली. म्हणाली, मला ओलांडून जा, आणि बघ मग तुझं काय होतं ते."

वडीलधाऱ्या बाईला ओलांडायचं म्हणजे शाप. पोराबाळांना लागतो म्हणतात. कुणाची छाती होते?

"पोरगी थांबली," ती म्हणाली. "माझ्याकडे बघायला लागली. आणि मीच म्हटलं तिला... मीच म्हटलं, बैस बाळ."

मग फोन बंद झाला.

९ नोव्हेंबर

बातमी फिरली. पुढच्या आठवड्यातल्या बारशाचे फोटो रद्द. "आमच्याकडे आता भाच्याने मोबाइल घेतलाय." गल्लीतली बाई तोंडावर म्हणाली, "तू फोटो काढतेस की घरं फोडतेस?"

मेदेरचा दोन दिवस रेडिओ बंद. पित्ताची गोळी मी पुढे केली तर त्याने टेबलाकडे बोट दाखवलं आणि तिथून घेतली. माझ्या हातातून नाही.

नुराइमने विचारलं, "मला कुणी नेलं तर बाबा माफी घेतील?"

मेदेर बाहेर गेला. लाकडं फोडायला म्हणे. लाकडं फोडलेलीच होती.

१२ नोव्हेंबर

आज अपा म्हणाल्या, "दाखव ती पोरगी."

मी कॅमेरा दिला. अपांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. बराच वेळ बघत राहिल्या. मग विचारलं, "दार कुठल्या बाजूला होतं?"

"तिच्या डाव्या हाताला."

"माझ्या समोर होतं," अपा म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही.

"सतरा वर्षांची होते. मेदेरच्या बापाला मी त्याआधी पाहिलंही नव्हतं. दार उघडं होतं, अंगणात माझा बाप उभा होता. मला आतून दिसत होता. मला वाटलं, न्यायला आला. यजमानांबरोबर चहा प्यायला, दाढी पुसली, घोड्यावर बसला आणि गेला. मला गाणं फार यायचं तेव्हा. गावात लग्न असलं की मलाच बोलवायचे."

मेदेर दारात उभा होता. कधी आला होता कुणास ठाऊक. अपांनी त्याला पाहिलं, कॅमेरा माझ्याकडे दिला आणि म्हणाल्या, "भात करपतोय, सूनबाई."

१३ नोव्हेंबर

रेडिओ आजही बंद. सगळे जेवले.

१४ नोव्हेंबर

बालवाडीतून आले तर अपा घरात नाहीत. काठी नाही, रबरी बूट नाहीत. बाजारापर्यंत जायला नको म्हणणारी बाई! मेदेर सगळीकडे शोधून आला. ऊन उतरता उतरता रस्त्यावर मिनीबस थांबली आणि फाटक वाजलं. अपा — आणि त्यांनी मनगटाला घट्ट धरलेली ताजागुल. पायांत घरातल्या सपाता, डोकं उघडं.

मेदेरने विचारलं, "ती म्हातारी आडवी झाली नाही?"

"झाली की."

"मग?"

"मीही म्हातारीच आहे. आधी मी ओलांडली तिला. मग पोरीला म्हटलं, ये आता माझ्या मागून. शाप असेल तो मी उचलला."

मेदेरने बूट चढवले, बाहेर गेला, फाटकाला आतून साखळी घातली आणि तिथेच ओंडक्यावर बसला. मुलाकडची गाडी येऊन गेली. तो उठला नाही.