खोली ओढणारी गाडी

बरका, शुक्रवार

प्रिय वसू,

एकनाथचं डोकं फिरलंय, त्याने जुनी डिझेलची पिकअप विकत घेतली आहे आणि आता तो मुलाला, साईला घेऊन अरबी वाळवंटात राहायला जाणार आहे, अशी बातमी तुझ्यापर्यंत पोचली असेलच. परवा मंडळातल्या विशाखाने खोदून खोदून विचारलं, तेव्हाच मला कळलं की हिचा पुढचा फोन कोल्हापूरला जाणार. तिने सांगितलेलं अर्धं खरं आहे. पिकअप घेतली. जुनी आहे, वाळूच्या रंगाची आहे, मागच्या फळीला चांगला हातभर पोचा आहे. डोकं मात्र ठिकाणावर आहे. फोनवर हे सांगायला गेलो असतो तर तू मध्येच रडली असतीस किंवा मी मध्येच चिडलो असतो, आणि तुझ्या शेजारी देवेश बसलेला असता. तुझा भाऊ मध्ये बोलल्याशिवाय राहत नाही आणि मला त्याच्याशी बोलायचं नाही, तुझ्याशी बोलायचं आहे. म्हणून लिहितोय. शेवटपर्यंत वाच आणि मग काय हवं ते म्हण. जूनबद्दलही लिहिणार आहे, पण आधी गाडीचं.

सुरुवात निझव्यात झाली. ते मी तुला कधी सांगितलंच नाही. गेल्या ईदच्या सुट्टीत साईला घेऊन गेलो होतो. गाडीत तो किती शांत असतो ते तुला ठाऊक आहे. निझव्यापर्यंत खिडकीला कपाळ टेकवून गुणगुणत होता. हॉटेलात शिरलो आणि लिफ्टचं दार बंद झालं. तिथून जे सुरू झालं ते खोलीत गेल्यावरही थांबेना. परकी चादर, परका वास, एसीची खडखड. भिंतीवर डोकं आपटायला लागला. सतरा वर्षांचा मुलगा आहे, वसू, माझ्यापेक्षा वीतभर उंच. त्याला धरायला मला आता दोन्ही हात आणि एक गुडघा लागतो. दारात माणसं जमली. त्यातल्या एकाने मोबाईल वर धरला. मी त्याला मोबाईल खिशात घालायला सांगितलं, शुद्ध गडहिंग्लजच्या मराठीत. तो कुठला होता देव जाणे, पण त्याला बरोबर कळलं. मॅनेजर सभ्य होता. पैसे परत दिले, आणि कृपा करून निघा म्हणाला. आम्ही निघालो आणि गाव ओलांडायच्या आत साई मागच्या सीटवर गाढ झोपला.

त्या रस्त्यावर माझ्या डोक्यात आलं, की या मुलाला प्रवास नको आहे असं नाही. त्याला परकी खोली नको आहे. मग त्याची खोलीच बरोबर नेली तर?

हिवाळ्यात मदिनत सुलतान काबूस वस्तीतलं एक डच जोडपं कायमचं परत चाललं होतं. त्यांची कॅरव्हॅन विकायला होती, दोन चाकांची, आत चार माणसं झोपतील एवढी. ती घेतली आणि झुबेरच्या गॅरेजमागे आणून उभी केली. हो, तोच झुबेर, दाभोळचा. त्याची सेंटरची शाळा सुटल्यावर मी कामावरून येईपर्यंत साई त्याच्याकडेच असतो, हे तुला माहीत आहे. खुदेजाभाभी त्याला वरणभात भरवतात, तोही थंड करून, स्टीलच्याच वाटीत. आत साईची निळी चादर घातली, त्याचा टेबलफॅन लावला, खिडक्यांना घरच्याच पडद्याचं कापड. दोन आठवडे तो फक्त दारात उभा राहून बघायचा. मग एका दुपारी भाभी शोधत गेल्या तर हा आत पंख्यासमोर झोपलेला. भाभींनी मला कामावर फोन केला आणि नुसत्या हसत राहिल्या.

आता ती ओढणार कोण? आपल्या जुन्या गाडीने ती सपाट अंगणातसुद्धा धड हलेना. झुबेर म्हणाला, "एकनाथभाऊ, हिला डिझेल पिकअपच पायजे. चढावर खेचायची ताकद आणि उतारावर धरून ठेवायची ताकद, दोन्ही लागतात. आणि तुमच्या पोराला तो आवाज आवडतो, ते मी बघतो रोज." खरं आहे. डिझेलचं इंजिन चालू झालं की साई हातातलं सगळं टाकून बॉनेटजवळ जातो. तो संथ, खालचा आवाज त्याच्या छातीत उतरत असावा.

नवी घेणं शक्य नव्हतं. जुन्या बघत हिंडलो. पहिली अल खौदला, आरशासारखी चकचकीत. झुबेरने काहीही बघायच्या आधी बॉनेटवर हात ठेवला आणि मला म्हणाला, "चला." मला कळेना. गाडीत बसल्यावर म्हणाला, आपण येणार म्हणून यांनी इंजिन आधीच तापवून ठेवलंय. थंड इंजिन चालू होताना ती काय रडते ते आपल्याला दिसू नये म्हणून. दुसरी वर्षानुवर्षं समुद्रात बोटी सोडायला वापरलेली. वरून नवरी आणि खालून सगळी चेसिस गंजलेली. तिसरीचं इंजिन चालू केल्याबरोबर साईने कानांवर हात दाबले आणि तो सरळ रस्त्याकडे चालायला लागला. इंजिनचा पट्टा किंचाळत होता, तो बदलता आला असता. पण आम्ही थांबलो नाही.

चौथी इथेच बरक्यात मिळाली, खल्फान नावाच्या म्हाताऱ्याच्या शेतावर. तो तिच्यामागे घोडे न्यायचा ट्रेलर लावायचा. आता घोडे नाहीत, गुडघेही नाहीत म्हणाला. त्याने मुद्दाम सकाळी बोलावलं होतं. त्याच्या हिंदीत म्हणाला, "रात से बंद है, हाथ लगाके देखो." झुबेरने हात लावला, खाली आडवा होऊन बघितलं, इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण काढून बघितलं. पहिल्याच चावीला चालू झाली होती, जरासा धूर काढला आणि स्वच्छ झाली. टर्बोच्या नळीला तेल लागलं होतं, तेवढं दुरुस्त करायचं ठरलं. खल्फान मात्र मलाच विचारत होता, घेऊन करणार काय? वाळू-सिमेंट लादून मारून टाकणाऱ्याला तो ती देणार नव्हता. मी नेहमीसारखं काहीतरी गुळमुळीत सांगणार होतो, पिकनिक वगैरे. पण सांगितलं ते खरंच. म्हटलं, माझा मुलगा बोलत नाही, परक्या घरात झोपू शकत नाही, त्याची खोली या गाडीला बांधून त्याला तुमचा मुलूख दाखवायचा आहे. म्हाताऱ्याने साईकडे बघितलं. साई बॉनेटला गाल लावून उभा होता आणि इंजिनाच्या सुरात सूर मिसळून गुणगुणत होता. खल्फान म्हणाला, "ये तो ले चुका. अब तुम बोलो." त्याने दोन्ही चाव्या माझ्या हातात दिल्या आणि घरातून खजूर मागवले. कागदपत्रं नंतर झाली.

त्यानंतर लोकांनी सुरू केलं. ऑफिसात हसले. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात एकजण मला बाजूला घेऊन म्हणाला, की वहिनी सोडून गेल्या त्याचा धक्का तुम्ही असा पचवताय का? मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, तुमचा हात कधी तुमच्या मुलाने मोडलाय का? वहिनींचा मोडलाय. त्याच प्लास्टरच्या हाताने त्या दीड महिना त्याला आंघोळ घालत होत्या. आमच्या मुलीच्या, मनालीच्या कॉलेजसाठी त्या कोल्हापूरला गेल्या आणि जाताना एअरपोर्टवर उलट फिरून दोनदा परत आल्या. तेव्हा सोडून जाणं हा शब्द पुन्हा माझ्यासमोर काढायचा नाही. वसू, तू पळालीस असं मी या गावात कुणालाही म्हणू देत नाही. तू थकली होतीस. मीही थकतो. पण मला अजून उभं राहता येतंय.

आम्ही पहिल्यांदा निघालो ते फिन्सला. झुबेरने आठवडाभर संध्याकाळी माझ्याकडून मोकळ्या मैदानात कॅरव्हॅन मागे घ्यायचा सराव करून घेतला. स्टिअरिंग डावीकडे वळवलं की ती उजवीकडे जाते. दोन ड्रम आणि एक कुंपण मी आडवं केलं. सामान पुढच्या बाजूला ठेवायचं, मागे जड झालं की ती शेपटी हलवते. कुरियातकडे डोंगरात चढ लागला, तेव्हा मला कळलं झुबेर कशाबद्दल बोलत होता. गाडी घाई करत नाही, पण दमतही नाही. उतारावर खालचा गिअर टाकला आणि तिने मागचं सगळं ओझं धरून ठेवलं.

तिथेच उतारावर साईचं सुरू झालं. मागून एका ट्रकने हॉर्न दिला, चांगला लांबलचक. त्याने काचेवर हात आपटायला सुरुवात केली. मी कडेला घेतलं, त्याच्या बाजूचं दार उघडून खाली बसलो आणि वाट बघत राहिलो. आता मी त्याला धरत नाही, वाट बघतो. पोलिसांची गाडी येऊन थांबली. पोरगेलासा पोलीस होता. मला वाटलं, झालं, आता कागद काढा, प्रश्नांची उत्तरं द्या. मी म्हटलं, माझा मुलगा आहे, थोडा वेळ लागेल. त्याने आत बघितलं. "माफी मुश्किला," म्हणाला, काही हरकत नाही. आपली गाडी आमच्या मागे लावली, लाल-निळे दिवे चालू ठेवले, आणि सगळी वाहतूक आम्हाला वळसा घालून जाऊ दिली. साईने शांत होऊन स्वतःच सीटचा पट्टा लावेपर्यंत तो पोरगा उन्हात उभा होता. एकदाही घड्याळ बघितलं नाही.

फिन्सला आमच्या आजूबाजूला कुणी नव्हतं. पांढऱ्या गोट्यांचा किनारा आणि समुद्र. साईने वरणभात दुसऱ्यांदा मागितला, म्हणजे वाटी माझ्या पोटावर आपटली. निळी चादर, पंखा, पडदे. अंधार पडला तसा तो झोपला, आणि झोपूनच राहिला. घराबाहेर सबंध रात्र झोपलेला साई मी तेरा-चौदा वर्षांत पाहिलेला नव्हता.

आता जे लिहितो ते वाचून तू घाबरशील, पण तुझ्यापासून काही लपवून हे पत्र पुरं करता येणार नाही. उजाडल्यावर जाग आली तर त्याचं अंथरूण रिकामं आणि दार सताड उघडं. समोर समुद्र. मी अनवाणी पाण्याकडे धावलो. ओरडत होतो, नाव घेतल्यावर तो कधीच ओ देत नाही हे माहीत असून ओरडत होतो. गुडघाभर पाण्यात शिरलो. दोन्ही बाजूंना किनारा रिकामा. पुन्हा वर आलो, पाय सोललेले. आणि पिकअपच्या काचेतून तो दिसला. आपल्या सीटवर बसला होता, पट्टा लावून, समोर रस्त्याकडे बघत. तो हरवला नव्हता. तो पुढे जायला तयार होऊन बसला होता, आणि उशीर माझ्यामुळेच होत होता. मी गोट्यांवरच बसून आधी रडलो आणि मग इतका हसलो की त्याने वळून माझ्याकडे बघितलं. त्याच दिवशी सूर गावाला जाऊन दाराला आतून कडी आणि घंटा बसवून घेतली. आणि मग त्याला हवं होतं तसं पुढे गेलो, पार रास अल हद्दपर्यंत.

आता जूनचं. देवेशने मोठी खटपट करून कोल्हापूरजवळच्या त्या निवासी संस्थेत साईसाठी जागा मिळवली, आणि गेल्या महिन्यात तू विचारलंस की त्याला कोणत्या तारखेला आणतोस. मी तेव्हा बघतो म्हटलं. हे पत्र त्याचं उत्तर आहे. मी त्याला आणणार नाही. संस्था वाईट आहे असं मी म्हणत नाही. तिथली जागा रांगेतल्या दुसऱ्या कुणाला देऊन टाका, ज्याच्या घरात खरंच कुणी उरलं नसेल. अनामत भरायला ठेवलेले पैसे या पिकअपमध्ये गेले आहेत, हेही देवेशला सांग, आणि सांगताना आवाज खाली करू नकोस. तो विचारेल, तू मेल्यावर काय? त्याला म्हणावं, मी बावन्न वर्षांचा आहे आणि त्या प्रश्नाला मी घाबरतो, रोज घाबरतो. त्याचं उत्तर मी शोधीन, साईला बरोबर घेऊन, त्याच्या चालीने, अशी एखादी जागा बघून जिथे आधी आम्ही दोघं राहून येऊ. पण मी मेल्यावर तो एकटा पडेल म्हणून मी जिवंत असतानाच त्याला एकटं पाडायचं, हे माझ्याकडून होणार नाही. तू रागाव. तुला तो हक्क आहे. फक्त एक कर. मनालीच्या परीक्षा मेमध्ये संपतात, आणि पावसाळ्यात सलालाह हिरवंगार होतं म्हणतात. आम्ही दोघं तिकडे निघणार आहोत, हजार किलोमीटर, सावकाश. स्वस्तात सिंगल केबिन मिळत होती, झुबेर म्हणत होता ओढायला तीच पुरे. मी हट्टाने मागे सीट असलेली डबल केबिन घेतली. मागच्या सीटवर मनाली, पुढे आपण दोघं, आणि साई खिडकीपाशी. नाहीतर तो जसं बसवील तसं. कायमची ये असं म्हणत नाही. त्याचं झोपणं एकदा बघून जा.

अजूनही तुझाच,
एकनाथ