ऑनलाइनचा समन्वयक

१२ जुलै १९९९, सोमवार
दुपारी स्टाफ मीटिंग. प्राचार्यांनी विद्यापीठाचं पत्र वाचून दाखवलं. कर्मचारी आणि विद्यार्थी, दोघांसाठी संगणक प्रशिक्षण. तेही ऑनलाइन. म्हणजे धडे पुण्याहून फोनच्या तारेतून बारामतीत येणार आणि परीक्षाही तशीच द्यायची. यंदा अधीक्षकाची जागा रिकामी होते आहे. ती प्रमाणपत्र असलेल्यालाच. हेडक्लार्क मी. म्हणजे जागा माझीच, आता फक्त प्रमाणपत्र.

प्राचार्यांनी विचारलं, संगणक कोणाला येतो? सगळे पंख्याकडे बघू लागले. माझा हात वर गेला. खरं तर मानेवरचा घाम पुसायला गेला होता. पण चारचौघांत वर गेलेला हात खाली घेणं शोभत नाही. शिवाय पुण्याला भाच्याचा संगणक मी जवळून पाहिला आहे. समन्वयक झालो.

संकल्प: महिन्याभरात संगणक कोळून पिणे.

१४ जुलै
सौ.ला बातमी दिली. ती म्हणाली, आपल्या गावी, कळसला, इहिरीवरच्या मोटारीचं बटण दाबायला तुमी शेजाऱ्याला हाक मारता. मोटार आणि संगणक यातला फरक तिला समजावला. ती भाकरी थापत राहिली.

२ ऑगस्ट
संगणक आला. खोलीबाहेर चपला काढायचा नियम मी केला. प्राचार्यांनीही काढल्या. त्यांच्या मोज्याला भोक आहे.

११ ऑगस्ट, सकाळी
सराव सुरू. लगेच गंभीर अडचण. माउस टेबलाच्या कडेपर्यंत जातो, पण पडद्यावरचा बाण अर्ध्यातच थांबतो. टेबल आखूड आहे. सामान खरेदी करणाऱ्यांना अक्कल नसते. मोठ्या टेबलाची मागणी लिहून दिली. ते येईपर्यंत सराव स्थगित.

१९ ऑगस्ट
पणदऱ्याची एक मुलगी भेटायला आली. छकुली, एस.वाय.बी.कॉम. म्हणाली, सर, माझं नाव पहिलं घ्या. वडील मानसिंगराव, ऊसवाले. दिवाळीनंतर तिच्यासाठी स्थळं बघणार. पण त्यांनी कबूल केलंय, प्रमाणपत्र मिळालं तर गावातल्या डेअरीच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचं, लग्नाचं पुढं बघू. न्हाय मिळालं तर मांडव. हे सगळं ती हसत सांगत होती, पण ओढणीच्या टोकाला पीळ घालून घालून तिनं त्याची दोरी केली होती. मी म्हटलं, झालंच समज.

जाता जाता माउस बघितला. कडेला गेल्यावर तिनं तो उचलला आणि परत मध्ये ठेवला. बाण पुढे चालू लागला. ते मी तिसऱ्या धड्यासाठी राखून ठेवलं होतं, असं तिला सांगितलं. मागणी रद्द केलेली नाही. मोठं टेबल केव्हाही बरं.

३० ऑगस्ट
नावं विद्यापीठाला कळवायची मुदत पंधरा सप्टेंबर. तीही ऑनलाइनच. कॉलेजात फोनची लाइन एक, ती प्राचार्यांच्या केबिनमध्ये. तिच्यावरूनच आमची वायर. लाइन लावली की मॉडेम नावाचा डबा आधी किंचाळतो, मग शिट्टी घालतो, मग प्राचार्य भाजी कुठली आणू हे घरी विचारायला रिसीव्हर उचलतात आणि सगळं तुटतं. वरिष्ठांना काय बोलणार?

८ सप्टेंबर
निवडणुकीची धामधूम. फोन मोकळा नाही. छकुलीनं विचारलं. म्हटलं, काम चालू आहे.

१५ सप्टेंबर
प्राचार्य पुण्याला गेलेले. योग जुळून आला. मॉडेमचा आवाज आज लांब आणि समाधानी वाटला. सगळी नावं टाइप केली, छकुलीचं पहिलं. बटण दाबलं. पडदा निळाशार झाला. लाल असता तर गोष्ट वेगळी. निळा शांत रंग आहे.

छकुली दाराबाहेर उभी होती. सर, गेलं का नाव? म्हटलं, गेलं. तिनं तिथूनच नमस्कार केला.

४ ऑक्टोबर
पुण्याहून धडे अजून आले नाहीत. वर्ग रिकामा बसू नये म्हणून मीच फळ्यावर संगणकाचा इतिहास शिकवायला घेतला. ज्युनियर क्लार्क सिद्धू म्हणाला, साहेब, चालू कवा करायचा? पाया पक्का हवा, हे त्याला पटत नाही.

८ ऑक्टोबर
भाच्याला सहज फोन केला. सहजच विचारलं, निळा पडदा आला तर? म्हणाला, मामा, मशीन कोसळलं की येतो तो. केलेलं सगळं गेलं म्हणायचं.

गेलं. म्हणजे छकुलीला मी खोटं सांगितलं असं म्हणता येणार नाही.

जेवण गेलं नाही.

१० ऑक्टोबर, रविवार
पणदऱ्याला गेलो. मानसिंगरावांना स्पष्ट सांगायचं ठरवलं होतं की विद्यापीठानं घोटाळा केला. वाक्य एसटीत पाठ केलं. घरी पोचलो तर अंगणात खाट टाकलेली, चहा तयार. मानसिंगराव म्हणाले, आबाजीराव, काल इंदापूरचं एक चांगलं स्थळ परत लावलं. माणसं नाराज हून गेली. पर तुमी हाय, मग मला काय घोर न्हाय. छकुली दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, प्रगती उत्तम आहे.

दुसरा कप चहा आला. तोही प्यायलो. येताना त्यांनी स्टॉपपर्यंत सोडलं, एसटी हलेपर्यंत थांबले. आधी आली असती तर बरं झालं असतं.

१३ ऑक्टोबर
छकुली ऑफिसात आली. दार लोटून घेतलं. म्हणाली, सर, स्टँडवरच्या बूथवरनं मी विद्यापीठात फोन लावला हुता. तितं आपल्या कॉलेजचं एक बी नाव न्हाय.

मी निळ्या रंगाचं तांत्रिक कारण सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मला वाटलं रडेल. म्हणाली, रडून झालं माझं, एसटीत. तितल्या बाईंना लई विनवलं. सोमवारी दुपारपर्यंत नावं घेते म्हणाल्यात. सर, तुमी फकस्त फोन धरा. कुणालाच उचलू देऊ नका. बाकीचं मी बघते.

वडिलांना सांगितलंस का, विचारलं. म्हणाली, न्हाय. त्यांनी तुमच्या भरवशावर पावणं परत लावल्यात. काय सांगू?

१८ ऑक्टोबर, सोमवार
सकाळपासून प्राचार्यांच्या केबिनमध्ये रिसीव्हरवर हात ठेवून बसलो. प्राचार्य आले. म्हणाले, आबाजीराव, जरा घरी फोन करायचाय. म्हटलं, सर, उचलायचा नाही. ते म्हणाले, काय? मी पुन्हा म्हटलं. उभ्या नोकरीत वरिष्ठांना नाही म्हणायची ही पहिलीच वेळ. ते उभे, मी बसलेला. उठायला हवं होतं, पण उठलो तर रिसीव्हरवरचा हात निघाला असता. प्राचार्य खिडकीशी जाऊन उभे राहिले.

भिंतीपलीकडे मॉडेम किंचाळला. शिट्टी. मग बराच वेळ काहीच नाही. छकुली आली. गेली नावं, म्हणाली. मी विचारलं, पडदा कसला होता? म्हणाली, पांढरा, आणि नावं मिळाली असं लिहून आलं. प्राचार्यांनी फोन केला. घरी वांगी हवी होती.

१६ नोव्हेंबर
धडे येऊ लागलेत. येतात तेव्हा फोन राखावा लागतो आणि ते काम माझ्याशिवाय कोणाला जमत नाही. त्यामुळे माझा एकही धडा झालेला नाही. छकुली सगळ्यांना समजावून सांगते. भिंतीतून हसण्याचे आवाज येतात. परीक्षेआधी एका बैठकीत सगळं उरकणे.

२७ नोव्हेंबर
परीक्षा. गटागटानं बसले. फोन राखला. माझा गट शेवटचा असावा. हाक आली नाही.

१० डिसेंबर
प्रमाणपत्रं आली. सिद्धू पास, ग्रंथपाल पास. छकुलीला पहिला वर्ग. सोमवारपासून डेअरीत जाणार. मानसिंगराव पेढे घेऊन आले. माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, तुमच्यामुळं झालं. डोळे भरले होते त्यांचे. मी हात काढून घेतले नाहीत. छकुली बाजूला उभी होती.

माझ्या प्रमाणपत्राचं पाकीट सापडेना. सगळे गेल्यावर तिला सहज विचारलं. म्हणाली, सर, तुमचं नाव न्हाय घातलं. तुमाला येतंच की.

तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. थट्टा नव्हती.

३१ डिसेंबर
अधीक्षकाची जागा सिद्धूला. जानेवारीत दुसरी बॅच. विद्यार्थ्यांत नाव घालावं असं मनात आलं, पण प्राचार्यांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं की समन्वयक आबाजीरावच, आणि या वेळी शिकवणारही तेच. छकुली आता नाही ना. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उठून उभा राहिलो, आभार मानले.

संध्याकाळी संगणकाच्या खोलीत गेलो. चालूच राहिला होता. बंद कसा करतात ते कोणाला विचारता येईना. दिवा मालवून, संगणक तसाच ठेवून घरी आलो.