गॅरेजातलं पातेलं

३ जून, मंगळवार
मेधाचा बर्नाबीहून फोन, कॅनडाच्या पार दुसऱ्या टोकावरून. व्हिडिओ पुन्हा करायचा. "बाबा, तुम्ही मसाला विकल्यासारखं बोलताय." म्हटलं, पोरी, जन्मभर दुसरं काय केलं?
तिच्या संस्थेचं काम वाढतंय. मनिला, हनोई, पुणे, आणखी कुठं कुठं. लोकांनी शाकाहाराकडे वळावं, तब्येतीसाठी आणि पृथ्वीसाठी. त्यात मी नमुन्याचा माणूस. कागलचा गडी, इथं कॅनडात किचनर शहरात कांदा-लसूण मसाल्याचा कारखाना काढलेला, आणि मटण सोडलेला! वाघ गवत खायला लागला की बघायला गर्दी होतेच.
खरं कारण व्हिडिओत येत नाही. मेधाची आई, सुमन, आषाढात गेली. श्रावण लागला, पाळला. श्रावण संपला हे दरवर्षी तीच सांगायची. त्या वर्षी कुणी सांगितलं नाही. चार वर्षं झाली, आमचा श्रावण चालूच आहे.
मेधाला वाटतं बाबांना तत्त्व पटलं. वाटू दे. आता पटलंयही.

६ जून, शुक्रवार
कुसुमवहिनींचा फोन. त्यांचा नवरा, माझा जुना दोस्त बापू, हॉस्पिटलातून घरी आला. दोन स्टेंट. डॉक्टरनं रेड मीट बंद सांगितलंय. बापूनं मान हलवली आणि पार्किंग लॉटमध्ये पोचेपर्यंत विसरला.
"भावजी, तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील."
बापूनं माझं कधी ऐकलं? कॅनडात माझ्या आधी दोन वर्षं आलेला. मला पहिला कोट त्यानं दिला, साचे बनवणाऱ्या टूल अँड डायच्या वर्कशॉपात पहिली नोकरी त्यानं लावली. मी ऐकायचं, त्यानं सांगायचं, ही वहिवाट.

८ जून, रविवार
दर रविवारी मटणाला येणारा बापू आज आला नाही, विश्रांती. गॅरेज उघडून नुसता बसलो.
सुमनचा नियम: देव स्वयंपाकघरात, म्हणून मटण बाहेर. गावी परसात चूल असायची. इथं परसात बर्फ, म्हणून गॅरेज. प्रोपेनची शेगडी, दार अर्धं वर, बाहेर उणे वीस आणि आत मी आणि बापू बनियनवर. पातेलं बंद पडलेल्या एका हॉटेलच्या लिलावातलं, जाड बुडाचं. ते घरात यायचं नाही. घासायचं गॅरेजात, ठेवायचं वरच्या फळीवर.
मी सोडल्यावरही रविवार मोडला नाही. मसाला मी परतायचा, मटण बापूनं टाकायचं. मटण पडायच्या आधीच मी माझा बिनफोडीचा रस्सा काढून घ्यायचा. तो म्हणायचा, "दिनक्या, तू वरातीत आलास पण नवरी बघितली न्हाईस."

१४ जून, शनि.
हवेत धूर. उत्तरेकडे वणवे पेटलेत. सूर्य तांब्याच्या पैशासारखा. खिडक्या बंद.
मेधा म्हणते, हेच. जंगलं, पाणी, जनावरांचा चारा, सगळं एकाच दोरीला बांधलंय. खरं असावं. बापूला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "माझ्या ताटातल्या दोन फोडींनी एवढं जंगल पेटलं व्हय? मग मला सलाम ठोका."
हसलो. नंतर तो बराच वेळ खोकत होता.

१५ जून, रविवार
वाईट झालं.
बापू आला. म्हणाला, आज रस्सा मी करणार. म्हटलं, तू बस, पेशंट आहेस, मी करतो. आणि सोयाचे मोठे तुकडे टाकले. हळद-मीठ लावून, आलं-लसणात मुरवून, सगळे सोपस्कार करून. कारखान्यात त्यात वर्षभर डोकं घातलंय. गोऱ्या गिऱ्हाइकांना फरक कळत नाही.
बापूनं एक घास घेतला. चावला. थांबला.
"दिनक्या, हे बकरं कुठल्या झाडाला लागलं हुतं?"
मी हसलो. तो नाही हसला. ताट शेगडीजवळ ठेवलं, हात धुतले.
"डॉक्टर तोंडावर बोलला. कुसुम तोंडावर बोलती. तू फसवलंस."
कोट घालायचे दिवस नाहीत, तरी खुंटीवरचा जुना कोट घेऊन गेला. तोच, मला पहिल्या थंडीत दिलेला. मी परत केला तरी त्यानं कधी नेला नव्हता, इथंच टांगलेला असायचा.

२२ जून, रविवार
बापू आला नाही. फोनही घेत नाही.

२५ जून, बुधवार
मिरच्या आणायला लानच्या दुकानात. लानबाई हनोईच्या. काउंटरमागं त्यांचं जेवण चाललेलं, टोफू आणि हिरवा पाला. एरवी मासा असतो, वास दारापर्यंत येतो. म्हटलं, काय, डॉक्टर? म्हणाल्या, "नो डॉक्टर. फर्स्ट डे." चांद्रमहिन्याचा पहिला आणि पंधरावा, दोन दिवस मांस नाही. आई पाळायची म्हणून त्या पाळतात.
"मुलं?"
"मुलं त्या दिवशी हजर असली तर हेच खातात. मी सांगत नाही काही. मी फक्त दुसरं शिजवत नाही."
मिरच्या काउंटरवरच विसरून आलो, परत जावं लागलं. डोक्यात एकच. अहो, हे तर आमचंच! सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, वर एकादशी, चतुर्थी, श्रावण. आईला कुणी शाकाहारी म्हटलं असतं तर तिला कळलं नसतं. बुधवार-शुक्रवार-रविवार मोकळे, पण मोकळे म्हणजे काय? मटण कुठं होतं! गल्लीत कधी तरी बकरं पडायचं, वाटे लागायचे, बाबा पळसाच्या पानात आमचा वाटा आणायचे. चार फोडी, सात माणसं. बाकी सगळा रस्सा. आई डाव असा बुडवायची की प्रत्येकाला वाटावं, फोड आपल्याकडेच येतेय.
कॅनडात आलो आणि रोजच रविवार झाला.

२८ जून, शनि.
मेधाची ऑनलाइन मीटिंग. मला ऐकायला बसवलं. आमच्याकडे संध्याकाळ, त्यांच्याकडे उद्याची सकाळ. मेधाची मांडणी चोख: हृदय, साखर, नद्या, जंगलं. शेवटी एकच, मांस सोडा, आजपासून. सगळ्यांनी छान छान म्हटलं. मी कान देऊन बसलो होतो. माणूस 'छान' म्हणतो तेव्हा ऑर्डर येत नाही, हे मसाल्याच्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकलो.
मनिलाच्या बाई शेवटी बोलल्या. "लोक टाळ्या वाजवतात. मग जेवायला जातात."
मी हात वर केला. म्हटलं, तुमच्याकडे काही दिवस आहेत का, आजी पाळायची असे? बाई थांबल्या. म्हणाल्या, ईस्टरच्या आधीचे शुक्रवार. हनोईचा पोरगा लगेच, पहिला आणि पंधरावा! पुण्याची मुलगी, "अय्या, आमचे वार!" दहा मिनिटं नुसता गोंगाट, जो तो आपापल्या आजीचं सांगतोय. मीटिंगमध्ये पहिल्यांदा कुणी तरी भुकेलं वाटलं.
नंतर मेधाचा फोन. चिडलेली. "बाबा, दोन दिवसांनी प्लॅनेट वाचत नाही. देअर इज नो टाइम."
"दोन दिवस धरणारा तिसरा धरतो गं. सोडा म्हटलं की माणूस आधी घट्ट धरतो."
"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"
लानबाईंचं आणि बापूचं नाव घेतलं नाही.

९ जुलै, बुध.
लानबाईंचा पंधरावा. मलाही वाडगा दिला. मशरूम, लेमनग्रास. मसाला कमी, पण हात चांगला.
घरी आलो तर कुसुमवहिनींचा फोन. बापू रोज मॉलमध्ये चालायला जातो, डॉक्टरनं चालायला सांगितलंय म्हणून. आज शर्टावर तेलाचा डाग. फूड कोर्टात कबाब खातो, एकटा.
"भावजी, रविवारी तुमच्या डोळ्यांसमोर तरी खात होते."
मी सोया घालून त्याचा एक रविवार वाचवला आणि आठवडा घालवला.

१३ जुलै, रविवार
शेवटी गेलो. बापू मागच्या डेकवर. बारीक झालाय. वहिनींनी चहा ठेवला आणि मुद्दाम आत गेल्या.
"सोया आणलास?"
"नाही."
"भाषण?"
"तेही नाही. बापू, तुझ्या गावाला वाटे कसे घालायचे रे?"
त्यानं कप खाली ठेवला. मग बोलायलाच लागला. त्याचे चुलते वाटे घालायचे म्हणे. तराजू नाही, काही नाही, नजर. आणि विधवा म्हातारीच्या वाट्यात हळूच एक फोड जास्त. "कोन बोलायचं न्हाई. समद्यास्नी दिसायचं." म्हटलं, महिन्यातनं किती वेळा? "कुठलं महिन्यातनं! सणाला, जत्रंला. पावनं आलं तर." मग स्वतःच कपाळाला हात लावला. बापू शहाणा आहे, आपल्या तोंडून काय गेलं ते त्याला ऐकू येतं.
मी धंद्यावर आलो. म्हटलं, चार वार तू पाळायचास, इथं येऊन सोडलेस. ते परत धर. वर श्रावण. एवढंच मागतो.
"आनि रविवार?"
"रविवार तुझा. पण माझ्या गॅरेजात, माझ्यासमोर, वाट्याएवढं. कबाब बंद."
"शुक्रवार पन पाहिजे."
"शुक्रवार नाही."
"बेपारी हैस लेका." चहा बशीत ओतला. "बघतो."
'हो' नाही म्हणाला. पण तो 'छान'ही नाही म्हणाला.

२० जुलै, रविवार
आला नाही. वहिनी म्हणाल्या, कबाब थांबलाय, पण बोलत नाहीत.
यंदा गटारी अडचणीची. अवस गुरुवारी. गुरुवारी मटण कसं खायचं! गावी अशा वेळी आदल्या रविवारी उरकायचे किंवा बुधवारी. रविवार तर गेला.

२२ जुलै, मंगळ.
मेधा आली, टोरोंटोत तिचं काम आहे. विमानतळावरून येताना गाडीतच म्हणाली, हनोईचा पोरगा पहिल्या-पंधराव्याला त्याच्या भागातल्या शाळांत बिनमांसाचं जेवण घालणार आहे, मनिलाच्या बाईंनी शुक्रवार धरलाय, वर्षभराचा. "इट्स अ स्टार्ट," म्हणाली. खिडकीबाहेर बघत म्हणाली. माझी मुलगी आहे, हार कबूल करताना खिडकी लागतेच.
मी तिला म्हटलं, तुझे नद्या-जंगलांचे आकडेही सोडू नकोस. जंगलाचं मला तूच पटवलंस.

२३ जुलै, बुधवार
दुपारी गॅरेजचं दार वाजलं. बापू. मागं वहिनी. त्याच्या हातात पिशवी, अंगात तो कोट, बाहेर तीस डिग्री!
"गटारी हाय. बुधवार हाय. मोडत न्हाई काय."
मेधा आतून आली. लहानपणी याच दारात उकिडवी बसून नळी चोखायची, आता पिशवीकडे बघत उभी.
"काका, हार्ट तुमचं आहे."
"माझं हाय म्हनूनच आलो. फुडं म्हैनाभर त्येला सुट्टी."
तिला हसू आलं. दाबलं, पण आलं.
मी कांदा भाजला, खोबरं, तीळ. बापूनं पिशवी उघडली. वाटाच होता. खरंच, चार फोडी! खाटकानं विचारलं म्हणे, मांजरासाठी का?
रस्सा मात्र पातेलं भरून. मेधाला आणि मला आधी काढून दिला, बटाटा घालून. फोडी मग टाकल्या. वाढताना बापूनं डाव असा फिरवला, की चुलत्यांचा हात ओळखू यावा. स्वतः दोन खाल्ल्या. वहिनींना एक. चौथी डब्यात घातली.
"ही कुणाला?" मी.
"म्हातारीची," म्हणाला.
कुठली म्हातारी, विचारलं नाही. डबा त्यानं सुमनच्या खुर्चीवर ठेवला आणि जाताना घेऊन गेला.

२४ जुलै, गुरु.
दिव्यांची अवस. सुमनच्या समया मेधानं घासल्या. कणकेचे गोड दिवे आम्ही दोघांनी केले, निम्मे फुटले. सुमन असती तर म्हणाली असती, पिठाला आधी विचारा. मेधा एकदम म्हणाली, "बाबा, आईनंतर तुम्ही सोडलंत ते... तत्त्व नव्हतं ना?"
म्हटलं, दिवा लाव.
तिनं लावला.

२५ जुलै, शुक्रवार
श्रावण. लानबाईंचाही आज पहिला. सकाळीच फोन करून सांगितलं, आज तुम्ही आम्ही एकाच पंगतीत. त्या हसल्या.
दुपारी बापू आला, शुक्रवारी! म्हटलं, सौद्यात शुक्रवार नव्हता. त्यानं पातेलं चिंचेनं घासलं, उलटं करून वाळवलं. मग घरून आणलेली शिडी लावली. मी ओरडलो, मेधा ओरडली, स्टेंटवाला माणूस शिडीवर! ऐकेल तो बापू कसला. नेहमीच्या फळीवर नाही, त्याच्याही वर, छताजवळ, जिथं सुमनचे जुने डबे आहेत, तिथं ठेवलं.
"आता काढणार कोण?" मी विचारलं.
"श्रावण सपला की सांगायचं कुनीतरी. मी न्हाई सांगनार. तू सांग."
कोट खुंटीवर परत लावला. शिडी उचलली आणि घेऊन गेला. त्याला खिडक्या पुसायच्या आहेत म्हणे.
माझ्याकडे शिडी नाही. आणायला त्याच्याच घरी जावं लागेल.